जुना गडी

माणसाने एक वेळ लग्नाच्या पंगतीत वाढपी व्हावे, पण निवड-समितीचा अध्यक्ष होऊ नये. वाढप्याला निदान लोक दुवा देतात. हे शहाणपण मला गेल्या दिवाळीत आले, आणि तेही एका सोऱ्यामुळे.

आमची कंपनी हिंजवडीची, सॉफ्टवेअर करणारी. आमच्या साहेबांच्या मनाने घेतले की, आता कामाचे आधुनिकीकरण झाले पाहिजे. सॉफ्टवेअर मुळातच आधुनिक. त्याचे आणखी आधुनिकीकरण ते काय, असे तुम्हांला वाटेल. आमच्या मातोश्रींनाही वाटले. म्हणून थोडक्यात सांगतो.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे घर एक आणि चालवणाऱ्यांचे दुसरे, अशी पूर्वी भाऊबंदकी असे. लिहिणारा म्हणे, 'माझ्याकडे चालत होते'. चालवणारा म्हणे, 'माझ्याकडे आले तेच बिघडलेले.' मधली भिंत पाडून दोघांनी एकत्र नांदावे, या विचाराला 'डेव्हऑप्स' म्हणतात. २००९ साली बेल्जियममधल्या गेंट शहरी भरलेल्या एका परिषदेपासून हा शब्द रूढ झाला. आता एकत्र कुटुंब म्हटले की गडीमाणसे आलीच. कोणी नवे लिखाण आणून दिले की ते जुन्यात मिसळायचे, चाचण्या घ्यायच्या, आणि सारे ठीक असेल तर ते ग्राहकाच्या सर्व्हरवर नेऊन पोचवायचे, ही कामे दिवसातून अनेकदा निमूटपणे करणारी अवजारे लागतात. आमच्याकडे हे काम 'जेन्किन्स' करी. त्याचे चिन्हच मुळी हातावर रुमाल टाकलेल्या इंग्रजी बटलरचे. पूर्वी त्याचे नाव हडसन होते. २०११ साली ओरॅकल कंपनीशी नावावरून वाद झाला, तेव्हा त्याने नाव बदलले, काम तेच ठेवले. गडी फुकट मिळतो आणि सांगाल ते करतो. मात्र नवे काम शिकवायचे तर बहुधा 'प्लगिन' नावाची वेगळी जोडणी बसवावी लागते. अशा जोडण्या १,८०० च्या वर आहेत. आणि एक नवी बसवली की दुसरी रुसते.

हा गडी आमच्याकडे बारा वर्षे होता, आणि बारा वर्षे त्याला एकाच माणसाने सांभाळले होते. त्यांना सारी कचेरी अण्णा म्हणते. रात्री-अपरात्री काही अडले की लोक अण्णांना फोन करीत. अण्णा 'हं' एवढेच म्हणत, आणि पंधरा मिनिटांत काम पुन्हा सुरू होई. त्यांनी काय केले हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

समितीने तीन उमेदवार निवडले. एक, जेन्किन्सच, पण नवे कपडे घालून. दुसरा 'गिटहब अॅक्शन्स'. हा राहतो त्याच्या मालकाच्या घरी, आणि त्याच्या यंत्रांवर काम करून घ्यायचे तर मिनिटांच्या हिशेबाने बिल लावतो. तिसरा 'गिटलॅब'. याला आपल्या घरी ठेवून घेता येते, आणि लिखाण सांभाळण्यापासून चाचण्यांपर्यंत सारा संसार तो एका छपराखाली करतो.

वाद पुष्कळ झाले. उद्या मालकाने नियम बदलले तर, ही मोठी भीती. ती पोकळ नव्हे. २००५ साली 'बिटकीपर'च्या मालकांनी फुकट वापराची सवलत काढून घेतली, तेव्हा लिनक्सचे जनक लायनस टॉरव्हाल्ड्स यांना स्वतःच 'गिट' लिहायला बसावे लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने 'टेराफॉर्म'च्या परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा वापरणाऱ्यांपैकी काहींनी 'ओपनटोफू' नावाची वेगळी चूल मांडली. आम्ही खर्च, सुरक्षितता, शिकायला लागणारा वेळ असे रकाने आखले, गुण दिले, बेरजा केल्या. गिटलॅब चार गुणांनी जिंकला. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी जुने यंत्र बंद करायचे ठरले. साहेबांनी पेढेसुद्धा मागवले.

अण्णा समितीत नव्हते. "ते जुन्याचीच बाजू घेतील," असे साहेब म्हणाले, आणि मी मान डोलावली. ती मान मी का डोलावली, याचे उत्तर आजही मला नीट देता येत नाही. बहुधा अध्यक्ष झालो होतो म्हणून.

याच सुमारास घरीही आधुनिकीकरण झाले. आईचा पितळी सोऱ्या तिच्या रुखवतातला. त्याचे मळसूत्र झिजलेले, दांडा फिरवायला दोन माणसे लागत. सौभाग्यवतींनी आणि मी मिळून तुळशीबागेतून नवा स्टीलचा सोऱ्या आणला. चांगल्या पंधरा चकत्या! आईला आम्ही आश्चर्याचा धक्का देणार होतो.

धक्का आम्हांलाच बसला. चकली पडेचना. पडली तर वेढा पुरा होण्याआधी तुटे. कढईत चकल्यांऐवजी स्वल्पविराम तळले जाऊ लागले.

"अहो, भाजणीच बिघडली असेल," सौभाग्यवती म्हणाल्या.

आईने चकती उजेडात धरून पाहिली. "भाजणी ठीक आहे. या चांदणीचं भोक बारीक आहे. माझं पीठ घट्ट असतं. याला सैल भिजवायला हवं."

"पण आई, तू आधी सांगितलं नाहीस!"

"तू विचारलंस कुठे? जुना सोऱ्या टाकायला माझी ना नव्हती. माझेच खांदे दुखतात. पण चकती घेताना मला न्यायचं होतंस."

मी तिथून उठलो, तुटक्या चकल्यांचा एक डबा भरला आणि थेट अण्णांच्या घरी गेलो.

अण्णांनी चकली तोंडात टाकली. मी म्हणालो, "अण्णा, जुने यंत्र बंद केले तर काय काय बंद पडेल?"

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग आत जाऊन एक दोनशे पानी वही घेऊन आले. तीत जेन्किन्सला लावून दिलेले प्रत्येक काम होते: कधी, का आणि कोणासाठी. आमच्या यादीत नसलेली कामेच एकोणीस निघाली. त्यातले एक रोज रात्री २ वाजून १० मिनिटांनी चाले. ग्राहकांच्या संकेतस्थळांना ओळखीचे प्रमाणपत्र लागते. आमची प्रमाणपत्रे ९० दिवसांची होती, आणि मुदत संपत आली की हे काम ती नवी करून आणी. म्हणजे शुक्रवारी पेढे वाटले असते, टाळ्या वाजल्या असत्या, आणि तीन महिन्यांच्या आत ग्राहकांच्या दारात 'हे स्थळ सुरक्षित नाही' अशी पाटी लागली असती. का लागली, हे शोधायला पुन्हा अण्णांनाच फोन गेला असता.

"हे तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारले.

"अरे, निवृत्तीला तीन वर्षं राहिली. ज्याला खोलीबाहेर बसवलं, त्यानं दार ठोठावून 'तुमचं चुकतंय' म्हणायचं? लोक म्हणाले असते, म्हातारा खुर्ची राखतोय." मग हळूच म्हणाले, "खरं सांगू? मीही कंटाळलोय त्या जेन्किन्सला. दर जोडणीमागे एक रात्र गेली आहे माझी."

मला एकदम माझे सत्तेचाळिसावे वर्ष आठवले. आणखी दहा वर्षांनी अशीच एक समिती बसेल, रकाने आखील, आणि मी खोलीबाहेर असेन.

निवड आम्ही बदलली नाही. रीत बदलली. सोमवारी मी साहेबांना माझी चूक सांगितली. माझ्या मते अध्यक्ष म्हणून केलेले तेवढेच एक उपयोगी काम. जुने आणि नवे सहा आठवडे शेजारी शेजारी चालले, आणि अण्णांनी वहीतले एकेक काम स्वतः नव्या अवजारात उतरवले. त्याची लिहिण्याची पद्धत अशी की, ओळीच्या सुरुवातीची एक मोकळी जागा कमीजास्त झाली तरी सारे अडते. पहिला आठवडा अण्णा मराठीतले ठेवणीतले शब्द वापरीत होते. तिसऱ्या आठवड्यात ते पोरांना शिकवू लागले.

शेवटच्या दिवशी जेन्किन्स बंद करण्याचा मान त्यांनाच दिला. बटण दाबण्याआधी त्यांनी पडद्यावरच्या त्या बटलरला हात जोडले. कोणी हसले नाही.

पुढच्या दिवाळीच्या खरेदीला आईला घेऊन जायचे ठरले आहे. आणि त्या रात्री २ वाजून १० मिनिटांनी मी जागा होतो. नव्या गड्याचा निरोप आला: काम झाले. दोनच मिनिटांनी अण्णांचा आला: 'हं.'