शिवारातील शेजार

अर्धापूरच्या शिवारात वर्षाची खरी सुरुवात 7 जूनच्या सुमारास, सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा होते. ‘मिरग निघाला’ असे शेतकरी म्हणतो. तो पावसाविषयी बोलत असतो. शब्द मात्र एका पशूचा असतो. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे मुळात कोणताही रानपशू. म्हणूनच सिंह हा ‘मृगेंद्र’, माकड हे ‘शाखामृग’ आणि शिकार ही ‘मृगया’. पुढे अर्थसंकोच होऊन हा शब्द हरणापुरता उरला. पहिल्या सरींनंतर ओल्या मातीवर चालणारा लाल मखमली जीवही आपल्याकडे ‘मृगाचा किडा’च आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस हस्त नक्षत्र लागते. ‘हस्त’ म्हणजे हात आणि ‘हस्तिन्’ म्हणजे हात, अर्थात सोंड असलेला. ऋग्वेदात हत्तीचा उल्लेख ‘मृग हस्तिन्’ असा येतो. मराठवाड्याच्या माळावर रानहत्ती नाही. तरी या पावसाला लोक ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतात आणि महाराष्ट्राच्या अनेक भागांत भोंडल्याच्या पाटावर हत्ती रेखाटला जातो. पंचांगही पावसाच्या नक्षत्रांना बेडूक, मोर, म्हैस, कोल्हा अशी वाहने देते. ऋतू आणि प्राणी यांची अशी सांगड आपल्या भाषेने फार पूर्वीच घातली आहे.

भाषा कानालाही वळण लावते. पावसाच्या तोंडावर पावशा पक्षी ओरडू लागला, की मराठी शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ असे ऐकू येते. हिंदी भाषकाला त्याच हाकेत ‘पी कहाँ’ असा विरहाचा प्रश्न ऐकू येतो. पक्ष्याचा आवाज तोच. ऐकणाऱ्याच्या मनातील काळजी वेगळी. पावसाबरोबर येणारा चातक तर थेट आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो. कवींनी त्याला पावसाच्या थेंबासाठी आसुसलेला मानले. मोसमी वाऱ्यांशी जुळलेले त्याचे स्थलांतर पाहता ही कल्पना अगदीच निराधार वाटत नाही.

परंतु शेजार म्हटला की त्याची किंमतही आली. संपर्कसत्राला येणारा माझा एक विद्यार्थी रात्रभर हरभऱ्याची जागल करतो आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी वर्गात बसतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक लोळवतो. शहरातला माणूस ज्याला नीलगाय म्हणतो, तो रोही कोवळे सोयाबीन खुडून नेतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यांना संरक्षण दिले आहे, ते आवश्यकही आहे. शेतकऱ्याच्या हाती उरतो तो वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज आणि पंचनामा.

‘जागल’ आणि ‘पंचनामा’ या दोन शब्दांतील अंतर मला महत्त्वाचे वाटते. जागल करणारा प्राण्याची वाट, त्याची वेळ आणि त्याचे भय ओळखतो. माळ्यावर बसून गोफण फिरवणे, ज्वारीभोवती काटेरी करडईचे पाटे पेरणे ही त्याच ओळखीतून आलेली शहाणपणाची साधने. पंचनाम्यात प्राणी केवळ नुकसानीचे कारण म्हणून येतो. ज्याचे पीक गेले, त्याला पंचनामा हवाच. त्याला पक्ष्यांचे कौतुक ऐकवणे हा क्रूरपणा ठरेल. मात्र प्राण्याविषयी आपल्याजवळ एवढाच शब्द उरला, तर शेजार संपला असे समजावे.

ही शक्यता दूरची नाही. हिवाळ्यात मध्य आशियातून भोरड्यांचे थवे येतात आणि ज्वारीच्या कणसांवर उतरतात. हेच पक्षी आपल्या मूळ प्रदेशात टोळांचा फडशा पाडतात. आता ज्वारीचे क्षेत्र घटले, राखणही घटली. नव्या पिढीतील अनेकांना ‘भोरडी’ हा शब्द माहीत नाही. थवा डोक्यावरून गेला तरी त्याला हाक मारायला नाव नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी अनेकजण दिवसा शेतात असतात आणि रात्री ही पुस्तिका उघडतात. प्राण्यांच्या वाटा, पाखरांचे आवाज, राखणीच्या रीती यांचे कितीतरी शब्द आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आहेत आणि कोशांत नाहीत. ते विचारून, तारीख व नक्षत्रासह वहीत लिहून ठेवावेत. ज्या शब्दाचा अर्थ समजावून सांगताना आजी हाताने दिशा दाखवते, तो आधी लिहावा.