पॉडगोरित्सा : कॉफी आणि पेपर

मॉन्टेनेग्रोला जाणारे थेट कोतोरचा समुद्र गाठतात. राजधानी पॉडगोरित्सा? छे, तिथे बघण्यासारखं काय! तरी एक सकाळ द्याच. कॅफेत कडक कॉफी मागवा आणि 'वियेस्ती' चाळा, भाषा कळली नाही तरी.

१९९२ पर्यंत हे शहर टिटोग्राड होतं आणि दैनिक म्हणजे सरकारी 'पोबयेदा'. १९९७ मध्ये चौघांनी स्वतंत्र 'वियेस्ती' काढला. अर्थ साधा, बातम्या. पण देश जेमतेम सव्वासहा लाखांचा. ज्याच्याविरुद्ध छापाल तो बाजूच्याच टेबलावर! २००७ मध्ये पेपरच्या दहाव्या वाढदिवसाच्या पार्टीहून परतताना संस्थापक झेल्को इवानोविच यांना मारहाण झाली. २०१८ मध्ये पत्रकार ऑलिवेरा लाकिच यांच्या पायावर घराबाहेरच गोळी झाडली गेली.

पेपर आजही निघतो. कॉफी संपली की मोराचा नदीवर (मोराशी संबंध नाही!) एक चक्कर मारा.