खंड कशाच्या रूपानें?

कुळानें खंड किती द्यावा, यावर आजवर पुष्कळ वाद झाले; तो कशाच्या रूपानें द्यावा, हा प्रश्न मात्र किरकोळ समजला जातो. आटपाडीकडील रानें ज्यानें दुष्काळांत पाहिलीं आहेत, त्याला तो तसा वाटणार नाहीं.

माणदेशांत अर्धेलीची रीत जुनी. खळ्यावर शाळूची रास पडे, मालकाचा माणूस शेजारीं उभा राही आणि राशीचे दोन वाटे होत. अर्धा वाटा म्हणजे थोडा नव्हे! तरी पाऊस रुसला तर रास लहान, आणि रास लहान तर मालकाचा वाटाही लहान. रोख खंड ठरला कीं दुष्काळाचें सारें ओझें कुळाच्या पाठीवर येतें. शिवाय ऐन सुगींत, भाव पडलेला असतां, धान्य विकून पैसा उभा करावा लागतो. इंग्रजी अमदानींत सरकारी साऱ्याची रोख वसुली कडक झाली, तेव्हां सावकाराची वही कशी फुगली, हें १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनीं साऱ्या मुलखास दाखविलें.

आटपाडी त्या काळीं औंध संस्थानांत होती. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि त्याच सालचा मुंबईचा कूळकायदा येथें आला. त्यानें कोरडवाहू रानाचा खंड पिकाच्या तिसऱ्या व बागाइताचा चौथ्या हिश्शापुढें जाऊं नये असें ठरविलें. पुढें १९५६ च्या दुरुस्तीनें तो साऱ्याशीं जोडला: साऱ्याची पांचपट किंवा एकरीं २० रुपये, यांत जें कमी तें. पण मला या कायद्यांत सर्वांत मोलाचें वाटतें तें पावतीचें कलम. खंड घेतांच मालकानें लेखी पावती दिली पाहिजे. १ एप्रिल १९५७ रोजीं कसणाऱ्या कुळांस जमिनीचे खरेदीदार मानण्यांत आलें. तेव्हांपासून पुष्कळ मालक त्या कागदास सापासारखे भितात.

माझ्या परिचयाच्या एका म्हाताऱ्या कुळाचा मालक शहरांत राहतो. खंड तो वर्षानुवर्षें हातांत रोख घेई. पावती कधींच नाहीं. अलीकडे त्यानें निरोप दिला, "तात्या, यापुढें पैसे फोनवरच टाका." तात्यांना फोनवर बोलतां येतें, पैसे टाकतां येत नाहींत, म्हणजे आतां खंड नातवाच्या सवडीनें जाणार. मालकानें नवी सोय मागावी, हें ठीक. पण करार दोघांचा असतो, तो एकट्याच्या निरोपानें बदलत नाहीं. ठरल्या रीतीनें पुढें केलेला पैसा मालकानेंच नाकारला, तर कुळानें खंड थकविला असें म्हणतां येत नाहीं. १८७२ च्या करार कायद्याचें तत्त्वही हेंच आहे.

तात्या मात्र भांडले नाहींत. बँकेंत नोंद राहते, एवढें नातवानें त्यांना समजावून दिलें होतें. पण नुसती रक्कम उसनवारीची फेडही ठरूं शकते. म्हणून पैसे पाठवितांना सोबतच्या ओळींत "ओढ्याकाठच्या रानाचा खंड" असें लिहावयास त्यांनीं नातवास सांगितलें.

दुसऱ्याच दिवशीं मालकाचा फोन आला. "तात्या, तें खंड-बिंड कशाला लिहिलंत?"

"मग काय लिवू, मालक?" तात्यांनीं विचारलें. "तुमीच सांगा, तसं लिवतो."

पलीकडून कांहीं वेळ आवाज आला नाहीं.