जांबोटीच्या वाटेवरचं तवसं

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याला जाताना पावसाळ्यात रस्त्याकडेच्या घरांची परडी न्याहाळत जावं. शहरातल्या बाजारात ‘काकडी’ म्हणा नाहीतर ‘सवतीकाई’, बाई तागडी उचलतेच. मलप्रभेच्या उगमाकडे, कणकुंबीच्या बाजूला निघालं की तिचं तवसं होतं आणि चोर्ला घाट उतरून साखळीला पोचलं की तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालून तवसळी!

या वाटेवर पाऊस मुसळधार. म्हणून वेल मांडवावर चढवतात; जमिनीवर फळ चिखलाला लागून नासतं. मृगाच्या सुमारास पाणी न साचणारं आळं करून शेणखत घालायचं, तीन-चार बिया टोकायच्या. पहिली फुलं गळाली तरी घाबरू नये, ती नरफुलं असतात. मादीफुलामागे इवलीशी काकडी दिसते, पण ती धरायला मधमाशी यावी लागते. तेव्हा फुलांवर औषध मारू नये.

दीड-दोन महिन्यांत काकडी हाताशी येते. ती ओढू नये, देठाशी कापावी आणि दर दोन दिवसांनी वेल पाहावा. फळं पिकून राहिली की वेल नवी धरायला आळसतो. पाण्याचा ताण पडला तर कडवटपणा येतो, म्हणून आधी देठाकडचा तुकडा चाखावा. फार कडू निघाली तर टाकून द्यावी.

पुढचं काम स्वयंपाकघराचं. मराठी घरात दाण्याचं कूट घालून कोशिंबीर, कानडी घरात भिजवलेली मूगडाळ घालून कोसंबरी. जिथं सासर मराठी आणि माहेर कानडी, तिथं पानात दोन्ही!

पण गावठी तवशाचं खरं धन म्हणजे त्याचं बी. चतुर्थीला गोव्यात माटोळीला थोराड तवसं टांगतात. बियांसाठी मात्र एक फळ वेलावरच पिवळं-तपकिरी होऊ द्यावं लागतं. जुन्या बायका ते बी शेणात घालून भिंतीला चिकटवून ठेवत. आता भिंतींना रंग लागला आणि परड्यात गाडी उभी राहिली. पाकिटातलं बी बहुधा संकरित. त्याच्या फळाचं बी पेरलं तर तसंच फळ येईल याचा भरवसा नाही. घरचं बी एकदा तुटलं की ते दुकानात मिळेलच असंही नाही.

कानडीत म्हणतात, ‘हित्तल गिड मद्दल्ल’. परड्यातल्या झाडाला औषधाचा मान नाही. आपणही म्हणतो, पिकतं तिथं विकत नाही. दोन्ही भाषांना ठाऊक असलेली ही चूक तवशाच्या बाबतीत तरी नको. यंदा गावी गेलात तर एक फळ बियांसाठी राखायला सांगा. बी धुऊन सावलीत खडखडीत वाळवा, राखेत ठेवा. शेजारच्या अक्कांनाही मूठभर द्या. एका घरचं बुरशीनं गेलं, तर दुसऱ्या घरी असेल.