मोठ्या शब्दात अदब नसते

सांगली,
२ जुलै

चि. मुग्धा हिस


तुझं पत्र आणि रजेच्या अर्जाचा कच्चा मसुदा, दोन्ही मिळाले. मसुदा बरा आहे, पण त्यातलं एक वाक्य आहे तसं तिकडे ब्रिटनमधल्या तुझ्या वॉर्ड मॅनेजरच्या हाती पडू देऊ नकोस. ‘आय डिमांड फोर डेज लीव्ह.’ ‘आस्क’ फारच साधा वाटला, म्हणून मोबाईलवर समानार्थी शब्द शोधले आणि त्यातला भारदस्त होता तो घेतला, असं तू लिहितेस. तुझा हेतू अदबीचाच होता. वाचणाऱ्या बाईंना मात्र त्यात दरडावणी ऐकू येईल. ‘डिमांड’ म्हणजे ठणकावून मागणं. संपावर गेलेली संघटना डिमांड करते, खंडणीखोर डिमांड करतो. चार दिवसांच्या रजेसाठी हा शब्द चालायचा नाही.

इंग्रजीत एकाच अर्थाचे इतके शब्द आले कुठून, हे एकदा समजून घेतलंस की निवड सोपी होईल. ‘आस्क’ हा तिथला अस्सल जुना शब्द. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर कित्येक पिढ्या दरबारात आणि वरच्या वर्गात फ्रेंच चालली. ‘डिमांड’, ‘रिक्वेस्ट’, ‘इन्क्वायर’ हे त्या वाटेने आले. ‘इंटरॉगेट’ लॅटिनमधून आला. म्हणून घरात आणि बाजारात ‘आस्क’ राहिला, कागदोपत्री ‘रिक्वेस्ट’ रुळला आणि ‘इंटरॉगेट’ पोलिसांच्या वाट्याला गेला. रक्ततपासणीसाठी तुम्ही भरता तो रिक्वेस्ट फॉर्म. पण पेशंटला कुठे दुखतं ते तुम्ही आस्कच करता.

मराठीत हे तुला कुणी शिकवावं लागलं नाही. आजारी शेजारणीची तू विचारपूस करतेस आणि एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन गाडी विचारतेस. तीच चौकशी एखाद्या कारकुनामागे लागली की त्याची झोप उडते. ग्रामसभेत लोक सरपंचाला जाब विचारतात. आजीला तब्येतीबद्दल कुणी जाब विचारत नाही. ब्रिटिश इंग्रजीत आपल्या चौकशीचे हे दोन अर्थ बहुधा स्पेलिंगनेही वेगळे करतात. ‘ई’ने सुरू होणारी एन्क्वायरी म्हणजे साधी विचारणा, आणि ‘आय’ने सुरू होणारी इन्क्वायरी म्हणजे रीतसर तपास. हॉस्पिटलच्या कागदपत्रांत हा फरक नीट बघत जा.

आता ‘आस्क’कडेच ये, कारण दिवसभर तुला लागणार आहे तो हाच. आपल्याला विचारणं आणि मागणं ही दोन क्रियापदं आहेत. तिथे एकाच शब्दावर भागवतात आणि फरक ‘फॉर’ने करतात. ‘आस्क द डॉक्टर’ म्हणजे डॉक्टरांना विचार, ‘आस्क फॉर द डॉक्टर’ म्हणजे डॉक्टरांना बोलवायला सांग. घाईच्या वेळी तो ‘फॉर’ राहून गेला तर निरोप चुकीचा जाईल. आपल्या सवयीने ‘आस्क टू हिम’ही म्हणू नकोस, तिथे ‘टू’ लागत नाही. आणखी एक. आपण वर्गात सर्रास ‘डाउट’ विचारायचो. तिकडे डॉक्टरांना ‘आय हॅव अ डाउट’ म्हणालीस, तर तुझा त्यांच्या म्हणण्यावर विश्वास नाही असा अर्थ होऊ शकतो. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हण, किंवा सरळ ‘कॅन आय आस्क समथिंग?’

कुणी ‘शी वॉज आस्किंग आफ्टर यू’ म्हटलं, तर तुझी खुशाली विचारत होती असं समज. ‘आस्क समवन ओव्हर’ म्हणजे घरी बोलावणं, पण ‘आस्क समवन आउट’मध्ये प्रेमाची चाहूल असते, तेव्हा तिथे जपून. घराच्या जाहिरातीतली ‘आस्किंग प्राइस’ म्हणजे मालकाने सांगितलेली किंमत. घासाघीस तिथून पुढे. क्रिकेटमुळे ‘आस्किंग रेट’ तर तुला पाठच आहे: दहा ओव्हरमध्ये नव्वद हवे असतील तर ओव्हरमागे नऊ.

एखादी सहकारी, विशेषतः कॅरिबियन घरातली, ‘आस्क’ला ‘आक्स’ म्हणेल. ते अशिक्षितपणाचं लक्षण मानू नकोस. दोन्ही रूपं जुन्या इंग्रजीपासूनची आहेत. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या लेखनात ‘आक्स’ सापडतं आणि १५३५ साली छापलेल्या कव्हरडेलच्या बायबलमध्येही.

मग अदब कशी दाखवायची? आपली अदब क्रियापदात असते: ये, या, यावं. इंग्रजीत साहेबालाही ‘यू’ आणि लहान पोरालाही ‘यू’, म्हणून तिथे ती ‘कुड’, ‘वुड’, ‘मे आय’, ‘आय वॉज वंडरिंग इफ’ यांत गेली आहे. अंगाला हात लावण्याआधी पेशंटची परवानगी घेणं तुमच्या कामाचा पायाच आहे. तिथे ‘इज इट ऑल राइट इफ आय चेक युअर ब्लड प्रेशर?’ हे साधं वाक्य कुठल्याही जड शब्दापेक्षा जास्त मान देणारं आहे.

मोबाईलवरच्या समानार्थी शब्दांच्या यादीला मी नावं ठेवत नाही. इंग्रजीत अशा याद्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ रचणारा पीटर मार्क रॉजे हा डॉक्टरच होता. १८०५ साली त्याने स्वतःच्या उपयोगासाठी यादी केली आणि १८५२ साली ‘थिसॉरस’ छापला, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. प्रस्तावनेच्या तळटीपेत त्याने आपल्या संस्कृत अमरकोशाची नोंद घेतली आहे, इंग्रज पंडित कोलब्रुकच्या १८०८च्या सेरामपूर आवृत्तीसह. दोन्हीकडे मांडणी विषयवार आहे. पण रॉजेच्या पुस्तकात शब्दांचे अर्थ दिलेले नाहीत. ते आहे, शब्द ठाऊक असून वेळेवर आठवत नाही अशांसाठी. ज्या शब्दाशी तुझी ओळखच नाही, तो यादीतून उचलून अर्जात घालू नकोस. आधी तो कुणाच्या तोंडी, कुणापुढे, कशासाठी येतो ते ऐक.

त्यासाठी एक छोटी वही खिशात ठेव. ‘आस्क’ असलेलं वाक्य कानावर पडलं की संध्याकाळी लिहून काढ, आणि शेजारी कोण कुणाला म्हणालं तेही लिही. नुसत्या शब्दापेक्षा ही दुसरी नोंद जास्त शिकवेल.

अर्जात एवढंच लिही: ‘आय वुड लाइक टू आस्क फॉर फोर डेज लीव्ह’, पुढे तारखा आणि कारण, शेवटी ‘थँक यू’. ‘काइंडली डू द नीडफुल’ काढून टाक. आपल्या कचेऱ्यांत ते चालतं, तिकडे कानाला खटकतं. दुरुस्त केलेला मसुदा पाठव, मी त्याच दिवशी वाचून कळवीन.

जेवणखाण वेळेवर कर. रात्रपाळीनंतर झोप पुरती घे.

तुझी,
मावशी