सारथी आणि सांधा

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात सेवा करणाऱ्या धर्मगुरूच्या वाट्याला वाहनांना आशीर्वाद देण्याचे काम जरा अधिकच येते. रविवारचा मिस्सा संपला की चर्चच्या आवारात कुणाची नवी दुचाकी, कुणाचा मालवाहू टेम्पो, क्वचित हप्त्यांवर घेतलेली मोटार उभी असते. पवित्र जलाचे थेंब चकचकीत टपावर पडतात, संत ख्रिस्तोफरचे पदक आरशाला लटकते, पेढे वाटले जातात. आशीर्वादासाठी माना लवविणाऱ्यांत त्याच वाहनाचा एखादा भाग घडविणारे हातही पुष्कळदा असतात. असा योग फार थोड्या धर्मग्रामांना लाभत असेल.

मोटारशर्यतींच्या दंतकथांशी माझा परिचय मात्र त्याच्या कितीतरी आधी, पुण्यात सेमिनरीत असताना झाला. आम्हांला नीतिशास्त्र शिकविणारे एक वृद्ध स्विस मिशनरी होते. तास संपायला दहा मिनिटे उरली की ते ग्रंथ मिटीत आणि ताझ्झिओ नुव्होलारीची गोष्ट काढीत. मांतुआजवळच्या खेड्यात १८९२ साली जन्मलेला हा ठेंगणा, किरकोळ अंगाचा इटालियन माणूस. कवी द'आनुन्त्सिओने त्याला सोन्याचे छोटे कासव भेट दिले होते: सर्वांत वेगवान माणसाला सर्वांत मंद प्राणी. शर्यतीला निघताना येण्याजाण्याचे तिकीट काढणाऱ्यांचे नुव्होलारीला हसू येई. परतीचा प्रवास लाकडी पेटीतून होण्याची शक्यता यांनी धरलेलीच नाही, असे तो म्हणे, ही आठवण एन्झो फेरारीने सांगितलेली आहे.

परंतु सरांची आवडती गोष्ट होती १९४८ सालच्या ‘मिल्ले मिल्या’ची, म्हणजे इटलीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून हजार मैल धावण्याच्या शर्यतीची. नुव्होलारी तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. दोन्ही मुलगे ऐन तारुण्यात वारलेले, धुराने फुप्फुसे पोखरलेली. तरीही तो फेरारीच्या गाडीत बसला आणि सर्वांच्या पुढे गेला. वाटेत बॉनेट उडाले, मडगार्ड गेले, आसन निखळले. आसनाच्या जागी तो संत्र्यांच्या पोत्यावर बसला, असेही सांगतात. अखेर रेज्जो एमिलियाजवळ मागच्या पाट्याची पिन तुटली आणि गाडी थांबली. थकून गेलेल्या नुव्होलारीने तिथल्या एका धर्मगुरूंकडे अंग टाकायला खाट मागितली, अशी कथा आहे. ‘पाहा,’ सर म्हणत, ‘आपले काम कुठे सुरू होते ते!’ आम्ही सारे हसत असू.

ती शर्यत जिंकली क्लेमेन्ते बियोन्देत्तीने. त्याची दंतकथा झाली नाही. त्याची गाडी शेवटपर्यंत टिकली, एवढेच.

या पट्ट्यात येऊन मला आता बरीच वर्षे झाली. वेल्डर, फिटर, टूलरूममधले कारागीर यांच्या घरी जाणेयेणे झाले, आणि त्या गोष्टीतली माझी नजर नकळत सारथ्यावरून पिनेकडे वळली. ती कुणी घडविली असेल? तिच्यात चीर केव्हापासून असेल? धातू एकाएकी दगा देत नाही. हिसके बसत राहतात, कुठल्याशा कोपऱ्यात केसाएवढी चीर जन्म घेते, प्रत्येक खड्ड्यागणिक तसूतसूने वाढते, आणि एके दिवशी उरलेल्या जाडीला भार पेलवत नाही. दंतकथेत हा काळ येत नाही. तिथे फक्त शेवटचा क्षण असतो आणि चाकामागचा माणूस असतो.

चाकणच्या रस्त्यावर मर्सिडीज-बेंझचे नाव रोज वाचनात येते. या कंपनीचे भारतातील उत्पादन १९९५ साली पिंपरीत सुरू झाले आणि २००९ साली ती चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. तिच्या नावावरही एक रंगतदार कथा आहे. १९५२ साली मेक्सिकोतील ‘कारेरा पानामेरिकाना’ शर्यतीत कार्ल क्लिंगच्या ३०० एसएल गाडीच्या काचेवर भरवेगात एक गिधाड आदळले. शेजारी बसलेला हान्स क्लेंक काचांनी रक्तबंबाळ झाला. तरी दोघे थांबले नाहीत आणि शर्यत जिंकून आले. पुढे गिधाडे अडविण्यासाठी काचेपुढे लोखंडी गज बसविले गेले. गिधाड सर्वांना ठाऊक असते. त्या गाडीचा सांगाडा पातळ पोलादी नळ्यांचा होता आणि त्याचे वजन सुमारे ५० किलोच होते, हे फारसे कुणी सांगत नाही. तिचे दरवाजे पंखांसारखे वर उघडत, तेही शोभेसाठी नव्हे. मजबुतीसाठी नळ्यांची जाळी दोन्ही बाजूंना इतकी उंच न्यावी लागली की नेहमीच्या दरवाजाला जागाच उरली नाही.

या जाळीचे तत्त्व आपल्या गावच्या सुताराला कळते. चार दांड्यांची चौकट कोपऱ्यात दाबली की तिरपी होते. जुन्या खाटेवर बसणाऱ्याला हे सांगायला नको. तिच्यात एक आडवी तिरपी दांडी घातली की दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण, दांडी वाकल्याखेरीज किंवा सांधा सुटल्याखेरीज, आपला आकार सोडीत नाही. घराच्या छपराची कैची याच विश्वासावर उभी असते. मग सारा भरवसा येतो सांध्यांवर. पोर्शेने ९१७ ही गाडी बनविली तेव्हा सांगाड्याच्या नळ्यांत दाबाखाली वायू भरला आणि त्याला दाबमापक जोडला. काटा खाली आला, तर कुठेतरी चीर पडली असे समजायचे. सदसद्विवेकबुद्धीवर सेमिनरीत वाचलेल्या पुष्कळ पानांपेक्षा हा काटा मला लवकर समजला.

घरी मोटार बनविणाऱ्याजवळ असा काटा नसतो. आपल्या महाराष्ट्रात हे वेड जुने आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वातंत्र्याच्या सुमारास ‘मीरा’ ही छोटी मोटार साकारली. अलीकडे सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून, सुमारे ६० हजार रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी जीप केली. डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्रांनी त्यांचे जाहीर कौतुक केले. ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी तिला कधीतरी रोखतील, असे सांगून त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२मध्ये ती दिली. अनेकांना या नियमांचा राग आला. मला राग येत नाही. लोहारांच्या हाताविषयी मला आदर आहे. परंतु रस्त्यावर त्या गाडीपुढून एखादे मूल धावत जाते, आणि सांध्याच्या आत काय आहे हे वरून पाहणाऱ्याला दिसत नाही. नव्या नमुन्याच्या वाहनाला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६व्या नियमानुसार मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी करून घ्यावी लागते. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेली एआरएआय ही त्यांपैकीच एक. सरांच्या मायदेशाने तर १९५५ साली ल माँच्या शर्यतीत गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेल्यावर अशा शर्यतीच बंद केल्या, आणि ती बंदी कित्येक दशके टिकली. नुव्होलारीची गोष्ट सांगताना सर हेही सांगत; त्या वेळी मात्र हसत नसत.

आमच्या धर्मग्रामातील एक विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी ‘बाहा’ स्पर्धेच्या चमूत होता. २००७पासून चालणाऱ्या या स्पर्धेसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः एकआसनी गाडी बांधतात आणि खडकाळ मार्गावर ती चार तास पळवितात. भोसरीच्या एका शेडमध्ये त्यांचा सांगाडा तयार होत होता. आशीर्वादासाठी त्याने मला तिथे नेले. बरोबर मी आमचे एक वृद्ध धर्मग्रामस्थ घेतले. पस्तीस वर्षे वेल्डिंग करून ते निवृत्त झालेले. वाटेत चमूचा सारथी मला नुव्होलारीच्याच गोष्टी सांगत होता. संत्र्यांचे पोते त्यालाही पाठ होते.

काकांनी सांगाड्याभोवती एक फेरी मारली. नळ्या नियमाप्रमाणे होत्या: इंचभर व्यास, तीन मिलिमीटर जाडी. सीओटू वेल्डिंगची रेघ नाण्यांची चळत आडवी पसरावी तशी सुरेख होती. काका मुलांना म्हणाले, ‘नमुन्याचे तुकडे जोडलेत का? आणा एक, कापू या.’ स्पर्धेच्या नियमांतही असा नमुना कापून दाखवावा लागतो. मुलांनी ते काम शेवटच्या दिवसासाठी ठेवले होते. ग्राइंडर चालला, तुकडा उघडला. वरची सुरेख रेघ वरच बसली होती. आत नळीच्या कडा जशाच्या तशा, न वितळता, एकमेकींशेजारी उभ्या होत्या.

कुणी काही बोलले नाही. मग सारथी म्हणाला, ‘काका, आठच दिवस राहिलेत. एवढ्याने काही होत नाही. चालवणारा मीच आहे ना!’

काकांनी तो तुकडा त्याच्या हातात दिला. ‘तू चालवणार म्हणूनच. ज्यानं जोडलं त्याला बोलाव.’

जोडणारा मागेच उभा होता, अबोल, एकोणीस वर्षांचा. काकांनी त्याला ओरडा दिला नाही. करंट किती ठेवला होतास, फटीत जागा किती सोडली होतीस, एवढेच विचारले आणि मशीनजवळ नेले. मला त्या वेळी संत योसेफ आठवला. १९५५ साली पोप बाराव्या पायस यांनी एक मे हा श्रमिक योसेफाचा सण म्हणून दिला. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. नाझरेथमधल्या कुठल्या दारा-नांगरांचे सांधे त्याने बसविले, याचीही नोंद नाही.

भार पेलणारे सगळे सांधे घासून पुन्हा जोडले गेले. चार रात्री लागल्या. काका रोज संध्याकाळी जात, एक नमुना कापून पाहत आणि चहा पिऊन परतत. सांगाड्याला काळा रंग द्यायचा मुलांचा बेत होता. काकांनी पांढरा लावायला लावला, चीर पडली तर दिसावी म्हणून. आशीर्वाद मी पाचव्या दिवशी दिला, आणि पवित्र जल सारथ्याच्या आसनाबरोबर त्या सांध्यांवरही शिंपडले.

चार तासांच्या शर्यतीत तिसऱ्या तासाला त्यांची गाडी एका चढावर उलटली. सारथी पट्टे सोडवून स्वतःच बाहेर आला. परतल्यावर त्याने उलटण्याची हकिकत मिस्सानंतर आवारात रंगवून सांगितली. तरुण मंडळी भोवती जमली होती. काका गर्दीच्या कडेला उभे होते. जोडणारा मुलगा त्यांच्याजवळ गेला आणि खिशातून मोबाइल काढून छायाचित्र दाखवू लागला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, छायाचित्र मोठे करून घेतले, आणि पुढच्या कमानीचा डावा कोपरा कुठला ते विचारले.