घाट चढायला मागून ढकलावे लागते



आपला इगतपुरी तालुका सह्याद्रीच्या अगदी कडेला आहे. पुढे डोंगर एकदम खाली उतरतो आणि कोकण लागते. वरून खाली जाणाऱ्या वाटेला घाट म्हणतात. आपल्या घाटाचे नाव थळ घाट. पण सगळे त्याला कसारा घाटच म्हणतात. वर इगतपुरी, खाली कसारा. कसारा ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात आहे. इगतपुरी स्टेशन हे कसारा स्टेशनापेक्षा सुमारे ३०० मीटर उंच आहे.

घाटमाथ्याची एक गंमत आहे. माथ्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस कोकणातल्या नद्यांतून अरबी समुद्राला मिळतो. अलीकडे पडलेला पाऊस दारणा नदीत जातो. दारणा गोदावरीला मिळते आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागराला. एकाच ढगाचे पाणी, पण दोन समुद्रांना जाते.

आमच्या बाईंनी सांगितले की घाट फार जुने आहेत. पूर्वी सोपारा बंदरावर गलबते लागत. तिथला माल बैलांच्या पाठीवर लादून घाटाने नाशिककडे येई. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राजांच्या काळातला ब्राह्मी लिपीतला लेख कोरलेला आहे. घाटात एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीचे पैसे त्यात टाकत असे लोक सांगतात.

आपल्या घाटातून रेल्वे १८६५ साली सुरू झाली. लोहमार्गाचा चढ ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढते. वाचायला सोपे वाटते, पण भरलेली गाडी तेवढ्याने दमते. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचे इंजिन ओढते आणि बँकर मागून ढकलतात. इगतपुरीला आले की बँकर सुटतात आणि पुन्हा खाली जातात. वंदे भारत गाडीला बँकर लागत नाहीत, कारण तिच्या डब्यांखालीच मोटारी असतात. म्हणजे तिथेही एकटे इंजिन ओढत नाही.

आता आमच्या सायकलची हकिकत सांगते.

माझी ताई सातवी पास झाली. आठवीची शाळा आमच्या वस्तीपासून सात किलोमीटर लांब आहे. शाळेच्या वेळेला गाडी मिळत नाही. बाबा म्हणाले, "पोरीनं रोज चौदा किलोमीटर चालायचं कसं? त्यापेक्षा घरीच राहू दे." ताई काही बोलली नाही. तिने पुस्तके बांधून फळीवर ठेवली. आजीला ते बघवले नाही. ती म्हणाली, "तुझ्या बहिणीकडं सायकल पडून हाये. ती घेऊन ये."

माझी आत्या कसाऱ्याजवळच्या वाडीत राहते. तिचा मुलगा कामाला लागला, तेव्हापासून त्याची सायकल नुसती पडवीत उभी होती. गेल्या मे महिन्यात बाबा आणि मी ती आणायला निघालो. आम्ही गाडीने गेलो नाही. बाबा म्हणाले, "भाड्याच्या पैशात टायर-ट्यूब येईल. पायांना भाडं लागत नाही."

पहाटे अंधारात निघालो. बरोबर भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली होती. घाटाच्या तोंडाशी घाटनदेवीचे देऊळ आहे. ट्रकवाले तिथे थांबून नमस्कार करतात. आम्हीही केला. खाली दरी धुक्याने भरली होती. मी विचारले, "बाबा, समुद्र कुठंय?" बाबा म्हणाले, "समुद्र लई लांब. इथून दिसत नाही. पण हा वारा तिकडलाच." खरोखर वारा ओलसर लागत होता.

उतरताना मला वाटले की उतार सोपा असतो. पण थोड्या वेळाने गुडघे दुखायला लागले आणि बोटे चपलेत पुढे घसरू लागली. मोठे ट्रक हळूहळू उतरत होते. ब्रेक तापल्याचा वास येत होता. बाबांनी मला कठड्याच्या बाजूला ठेवले आणि स्वतः रस्त्याच्या बाजूने चालले. वळण आले की आम्ही थांबत होतो, कान देऊन ऐकत होतो आणि मग पुढे जात होतो.

आत्याने आम्हाला बघून आधी पाय धुवायला गरम पाणी दिले. मग ती बाबांना म्हणाली, "दादा, पोरीची शाळा सोडवू नको. सायकल ने. मला पैसे नको." दुपारी बाबांनी कसाऱ्याच्या दुकानात मागचा टायर, ट्यूब आणि ब्रेकचे रबर बदलून घेतले. मी चेनला तेल घातले.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायच्या आत निघालो. सायकलवर आत्याने दिलेली तांदळाची पिशवीसुद्धा होती. थोडा वेळ बाबांनी पायडल मारले. मग चढ लागला आणि ते उतरले. ते हँडल धरून ओढू लागले आणि मी मागून कॅरियरला दोन्ही हात लावून ढकलू लागले. तेवढ्यात दरीच्या पलीकडे गाडीची शिट्टी वाजली. मालगाडी चढत होती आणि मागे बँकर होते. मी म्हणाले, "बाबा, मी आपल्या सायकलचा बँकर!" बाबा हसले आणि म्हणाले, "मग इगतपुरीपर्यंत सुटायचं नाही बरं."

एका वळणावर बाबा दम खायला थांबले. मी मागच्या चाकाखाली दगड लावला. ट्रकचे क्लीनर तसेच करतात. तिथे एका ट्रकवाल्या काकांनी आमची रिकामी बाटली बघितली आणि न मागता ती भरून दिली. ते म्हणाले, "चढावर पाणी विचारायचं असतं."

बसल्या बसल्या बाबांनी मला घाटातल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. २०१८ च्या मार्चमध्ये हजारो शेतकरी आणि आदिवासी नाशिकहून मुंबईला पायी गेले. सुमारे १८० किलोमीटर अंतर होते. ते याच घाटाने उतरले. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, ही त्यांची एक मागणी होती. आमची आजी त्यात चालली. तिच्या पायाला फोड आले होते. मुंबईच्या लोकांनी त्यांना पाणी, खाणे आणि चपला दिल्या. तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. मुलांना पेपरला जाताना अडचण नको, म्हणून मोर्चाची माणसे शेवटच्या रात्री झोपली नाहीत. रात्रीच चालत आझाद मैदानावर पोचली. आजी कधी शाळेत गेली नाही, पण दुसऱ्यांच्या परीक्षेसाठी ती रात्रभर चालली.

मग २०२० साली टाळेबंदी झाली. मुंबईतले कामगार पायी आणि सायकलवरून हाच घाट चढत आपापल्या गावी गेले. कोणाच्या कडेवर मूल, तर कोणाच्या डोक्यावर बोचके. वाटेत लोकांनी त्यांना जेवण दिले. बाबांनीही हंडा भरून रस्त्याला ठेवला होता.

आता समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. त्यात इगतपुरी-कसारा बोगदा आहे. तो जवळजवळ ८ किलोमीटर लांब आहे. मोटार काही मिनिटांत डोंगराखालून पार होते. पण त्या रस्त्यावर सायकलला, मोटारसायकलला आणि पायी चालणाऱ्याला परवानगी नाही. आमच्यासारख्यांना घाटच.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन चढले होते. माझे तळहात लाल झाले होते. मग बाबांनी मला कॅरियरवर बसवले आणि घंटी वाजवत घरी आणले. ताई अंगणात उभी होती. तिने आधी सायकलला हात लावला, मग मला जवळ घेतले. संध्याकाळी फळीवरची पुस्तके खाली आली.

ताई आता आठवीत आहे. वाटेतल्या वस्तीवरची तिची मैत्रीण तिच्या मागे बसते. तिचीही शाळा त्यामुळे सुटली नाही. चढ आला की ती खाली उतरते आणि मागून ढकलते. मला पाचवी, सहावी आणि सातवी व्हायची आहे. तोपर्यंत सायकल नीट ठेवायची, असे ताईने कबूल केले आहे.

माझी सगळ्यांना एक विनंती आहे. घाटात गाडी चालवताना वळणावर हॉर्न वाजवावा. चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, तसा नियमच आहे. आणि चढावर कोणी पायी किंवा सायकल ढकलत जाताना दिसले तर त्याला पाणी विचारावे.

— इयत्ता ४ थी, एक विद्यार्थिनी